न झालेल्या चोरीची तक्रार

१४ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. आई म्हणाली, "नोकरी लागल्याचं मामाला तूच कळव, माझ्याकडून कळलं तर तो मलाच ओरडेल." फोनवर तुम्ही येत नाही. आयुष्यभर फोनवर तक्रारी ऐकल्या, आता काय असेल ते कागदावर पाठवा, हा तुमचा हुकूम. म्हणून हा कागद.

तर तुमची भाची आता महापालिकेच्या युवक कल्याण विभागात आहे. काम असं की पोरं गुन्ह्याकडे वळण्याआधीच त्यांना वळवायचं. हसू नका. आणि वस्ती कुठली मिळाली असेल? तुम्ही फौजदार होतात ती. मंडईच्या मागच्या पाचमजली चाळी, कपड्यांचा कारखाना आणि पालिकेची शाळा. शाळेच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला दिल्यात. शेजारी खेळाडूंसाठी बांधलेलं एक न्हाणीघर आहे, तिथे खेळाडू कधी फिरकलेले नाहीत. मागच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र गेटही आहे. टेबल टेनिसचं टेबल आलंय, जाळी मंजूर व्हायची आहे. मदतीला पीटीचे सर आहेत. निवृत्त झालेत, पण बसल्या जागीसुद्धा गळ्यात शिट्टी असते.

विभागाने गेटवर मोठा फलक लावून दिलाय, लाल अक्षरांत: "गुन्हेगारीकडे झुकणाऱ्या मुलामुलींसाठी प्रतिबंध केंद्र. वेळ सकाळी दहा ते पाच." दोन आठवडे झाले. आजवर एकच माणूस आला, तो पाणीपट्टी कुठे भरायची विचारत होता.

हा वर्षभराचा प्रयोग आहे. डिसेंबरात समिती बसेल आणि केंद्र चालू ठेवायचं की नाही ते ठरवेल. नाही म्हणाली तर दोन्ही खोल्यांत पालिकेच्या जुन्या फाइली येतील. माझ्या जागी फाइली बसलेल्या मला चालणार नाहीत. तुम्ही तीस वर्षं ही पोरं पकडलीत. मला एवढंच सांगा, ती असतात कुठे?

तुमची भाची

*

२२ जानेवारी

चि. भाचीबाई,

आशीर्वाद. नोकरी लागली म्हणून अभिनंदन, काम हे मिळालं म्हणून सांत्वन.

आधी त्या फलकाबद्दल. दवाखान्याच्या दारावर "मरायला टेकलेल्यांसाठी" असं लिहिलं, तर तू तुझ्या आईला तिथे नेशील? मग कुठली आई आपल्या पोराला तुमच्या दारात आणेल? आणि वेळ दहा ते पाच. चार वाजेपर्यंत पोरं शाळेत असतात. तोवर तुम्ही कोणाला वळवता, पीटीच्या सरांना?

आता तुझा प्रश्न. पोरं चार वाजता सुटतात. आया कारखान्यात, त्या आठला येतात. घराला कुलूप. मधले चार तास पोरं मंडईच्या मागच्या जिन्यावर असतात, आणि जिन्यावर प्राचार्य असतो.

प्राचार्य हे ठाण्यातलं नाव. खिसे मारायची शाळा चालवतो म्हणून आम्हीच ठेवलेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मऊ आवाज, दोन बोटं कायम जुळलेली. स्वतः कोणाच्या खिशाला हात लावत नाही. जिन्यावर बसतो, पोरांना खायला देतो, गोष्टी सांगतो, गणित कुठवर आलं ते विचारतो. वर्षभर काहीही मागत नाही. मग एक दिवस म्हणतो, "बाळा, माझं एक छोटं काम करशील?" तोवर पोराला त्याच्याइतकं जवळचं कोणी उरलेलं नसतं. पोरगं पकडलं जातं, प्राचार्य घरी असतो.

आम्ही काय केलं? बैल गेला अन् झोपा केला. एक पोरगं आत टाकलं की जिन्यावर दुसरं तयार. सरकार गुन्हा थांबवू शकत नाही, भाचीबाई. सरकारला गुन्हा झाल्यावर जाग येते. हे मी ऐकीव सांगत नाही, तीस वर्षं मीच सरकार होतो. तू बँकेची परीक्षा दे.

मामी म्हणते, पोरीला घाबरवू नका. मी घाबरवत नाही, फक्त त्या चार तासांचं सांगतोय.

मामा

*

३ मार्च

ती. मामा,

बँकेची परीक्षा दिली नाही. वेळ मात्र बदलली. आता आम्ही चार ते आठ उघडे असतो.

ते कसं जमलं ऐका. संध्याकाळी गेट उघडं ठेवायचं तर किल्ली हवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बांधकाम विभागाला विचारा. बांधकामवाले म्हणाले, शिक्षण विभाग. शिक्षण विभाग म्हणाला, हे युवक कल्याणचं काम, म्हणजे मीच. महिनाभर मी स्वतःकडेच परवानगी मागत फिरत होते. शेवटी वैतागून शाळेच्या रखवालदारापुढे बसले. त्याने कमरेची किल्ली काढून हातात दिली आणि म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

पण फलक काढायला आमच्या विभागाचे साहेब तयार होईनात. वरून आलाय म्हणे. आणि एका सकाळी फलक गायब. चारही स्क्रू नीट काढून उंबऱ्यावर ओळीने मांडलेले. मी कपाळावर हात मारला. गुन्हे थांबवायच्या केंद्रातच चोरी. त्याच दुपारी चार वाजता एक चौदा वर्षांची पोरगी गेटात उभी राहिली. काटकुळी, केस मानेवर चिकटलेले. म्हणाली, "ताई, आता आत येऊ का?"

"आधी का नाही आलीस?"

"आधी ते लिहिलं होतं ना."

फलक कोणी काढला हे मी विचारलं नाही. तिने मला वाजले किती विचारलं. मी मनगट बघितलं तर घड्याळ नाही. ते तिच्या हातात होतं. परत दिलं आणि इतकी गोड हसली की मला रागावता येईना. तिला सगळे चिमटी म्हणतात, ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

तिला ना माझं समुपदेशन हवं होतं ना टेबल टेनिस. तिची नजर न्हाणीघरातल्या बंबावर गेली. "ह्याला गरम पाणी येतं?" चाळीत मजल्याला एक नळ आहे, तोही बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी ती टॉवेल घेऊन आली, सोबत आणखी तिघी, त्यांचेही टॉवेल. आता रोज डझनभर मुली असतात. आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून अभ्यास करतात, कारण उभं राहून कंटाळा येतो. त्यांच्या मागे भाऊ आले, भावांमुळे जाळी नसलेलं टेबलही चालू झालं. पीटीचे सर रोज विचारतात, हे केंद्र आहे का न्हाणीघर. मी म्हणते, सर, शिट्टी वाजवा, पुढचा नंबर आत जाऊ दे.

फलक हरवल्याबद्दल साहेबांनी खुलासा मागितलाय. वाऱ्याने पडला असावा, असं लिहून दिलं. स्क्रूचा उल्लेख केला नाही.

तुमची भाची

*

१५ मार्च

चि. भाचीबाई,

मुली गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून बंब लागतो, हे मी पोलिसात असताना कोणी सांगितलं नाही. नाहीतर लाठीऐवजी साबण मागितला असता.

पत्र मामीला वाचून दाखवलं. घड्याळापाशी ती हसली, मी नाही हसलो. मनगटावरचं घड्याळ कळू न देता काढणं दोन दिवसांत येत नाही. पोरीचे हात प्राचार्याच्या नजरेत आलेले असणार. असे हात त्याला दहा वर्षांत एकदा सापडतात. तू गरम पाणी देतेस हे चांगलं आहे, पण तो तिला माणूस देतो. तुझी योजना म्हणजे आंधळं दळतंय. पीठ कोण खाणार, ते मला दिसतंय.

चिमटीवर लक्ष ठेव. ती जिन्यावर गेली की तुझ्या बाकीच्या अकरा जणीही गेल्याच समज.

मामा

*

३० मे

चि. भाचीबाई,

तीन महिने होत आले, तुझं पत्र नाही. पण माझ्या जुन्या ठाण्यातला एक हवालदार परवा येऊन गेला. शाळेच्या मागच्या गेटला कुलूप असतं म्हणाला. जिना भरलेला असतो, आणि प्राचार्याच्या शेजारी एक काटकुळी पोरगी बसलेली असते.

मी तुला सांगितलं होतं. प्राचार्याच्या गोड बोलण्यापुढे सरकारचं काही चालत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. बँकेची पुढची परीक्षा ऑगस्टात आहे.

मामा

*

१२ जून

ती. मामा,

हवालदारकाकांनी पाहिलं ते खरं आहे. तुम्ही त्यातून काढलंत ते चूक आहे.

चिमटीला प्राचार्याने ओढून नेलं नाही. तिला आम्ही ढकललं. एप्रिलात बंब बिघडला. दुरुस्तीचा अर्ज दिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण अंघोळ सहा महिने थांबत नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी लागली, रोज रात्री त्याच्याकडे परत जाणारी ती एकुलती एक किल्ली घेऊन रखवालदार गावी गेला आणि आमच्या गेटाला तीन आठवडे कुलूप पडलं. मला लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही.

शेवटी मी जिन्यावरच गेले. चिमटी प्राचार्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तुम्ही सांगितलात तसाच आहे तो, इस्त्रीचा शर्ट आणि जुळलेली बोटं. मला पाहून सरकला आणि म्हणाला, "बसा ताई. जिना सगळ्यांचा आहे."

मी चिमटीच्या शेजारी बसले. चल म्हणाले. ती जागची हलली नाही.

"ताई, तुमचं गेट कधी उघडं असतं, कधी बंद. आजोबांचा जिना रोज असतो."

मामा, तिचं खरं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे प्राचार्य तिच्या बाजूने बोलला. चिडवत नव्हता, अगदी शांतपणे म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय. शाळा चालवायची तर सुट्टी घेऊन चालत नाही ताई. मी आजारी असलो तरी येतो."

मी इतकी संतापले की रडूच आलं. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. चोराला जे कळतं ते आमच्या अख्ख्या विभागाला कळलं नव्हतं. घरी आले आणि ठरवलं, आता अर्ज बंद.

साहेबांच्या केबिनला लागून त्यांचं न्हाणीघर आहे, तिथे गरम पाणी येतं. सोमवारी मी सात मुलींना घेऊन गेले. प्रत्येकीच्या खांद्यावर टॉवेल, हातात साबण. साहेबांच्या दाराबाहेर रांग लावली. शिपायाने विचारलं, काय काम आहे? मी म्हणाले, अंघोळ. केंद्रातला बंब दुरुस्त होईपर्यंत मुली इथेच येतील, विभागाचंच न्हाणीघर आहे. भेटायला आलेली माणसं रांगेत मागे उभी राहू लागली, त्यांना वाटलं इथेच उभं राहायचं असतं. साहेब बाहेर आले, लाल झाले, पुन्हा आत गेले. आम्ही हललो नाही. त्याच दुपारी वीजदुरुस्तीवाला केंद्रावर हजर. संध्याकाळी पाणी इतकं कढत आलं की पीटीच्या सरांना बादलीत गार पाणी ओतत बसावं लागलं.

गेटच्या तीन किल्ल्या करून घेतल्यात, एक माझ्याकडे, एक सरांकडे, एक मुख्याध्यापिकांकडे. आता गेट रविवारीसुद्धा उघडतं. सुट्टीतही, माझ्या तापातही.

चिमटी त्या रांगेत नव्हती. नंतर जिन्यावर तिला ती मजा कळली म्हणे. परवा चार वाजता आली, उघड्या गेटाकडे बघून गेली. काल पुन्हा आली, पुन्हा बघून गेली. आज आत आली. उद्या काय होईल ते माहीत नाही, पण गेट उघडं असेल.

तुमची भाची

*

२० जून

चि. भाचीबाई,

टॉवेलची रांग मामीने शेजारपाजारच्या चार घरांत सांगितली. मी एकदाच सांगितली, पण त्या हवालदाराला.

पोरगी बरोबर बोलली. प्राचार्यही बरोबर बोलला, आणि मी त्याच्याबद्दल असं पहिल्यांदाच लिहितोय. मला वाटायचं त्याची जीभ गोड आहे म्हणून पोरं जातात. तो रोज तिथे असतो म्हणून जातात, हे तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही.

माझं मत अजून बदललेलं नाही. सरकार दमतं. प्राचार्य दमत नाही. वर्ष पूर्ण कर, मग बोलू.

बँकेच्या परीक्षेचं आता काढत नाही.

मामा

*

२५ नोव्हेंबर

ती. मामा,

गेट रोज उघडतंय. चिमटी रोज येते. आता न्हाणीघराचा कारभार तिच्याकडे आहे, कोण आधी कोण नंतर ते तीच ठरवते आणि तिच्या पुढे कोणी घुसत नाही. तिचं गणित सर घेतात. चाळीतल्या आया कारखान्यातून थेट गेटावर येतात, पोरं घेतात, दोन मिनिटं बोलतात. जिना जवळजवळ रिकामा आहे. मी खूश असायला हवं.

पण काल समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्ष चांगला माणूस आहे, तेच वाईट आहे. ओरडला असता तर भांडले असते. त्याने नम्रपणे विचारलं, केंद्रामुळे चोऱ्या कमी झाल्या याला पुरावा काय? पोलीस म्हणतात, चोऱ्या कधी वाढतात कधी घटतात, त्याचं श्रेय तुमच्या बंबाला कसं द्यायचं? मी म्हणाले, या मुलांनी चोरी केलेली नाही. तो म्हणाला, "मॅडम, जी चोरी झालीच नाही तिची तक्रार कोण देणार?" सगळे हसले. मग फाइली ठेवायला जागा नाही यावर तासभर चर्चा झाली.

अंतिम निर्णय दहा डिसेंबरला. नाही म्हणाले तर एक जानेवारीला गेट बंद, आणि या वेळी ते पुन्हा उघडणार नाही. चिमटीला मी काय तोंड दाखवू? तीच म्हणाली होती, तुमचं गेट कधी बंद असतं. मामा, तुम्ही म्हणालात तेच खरं ठरतंय का? सरकार दमलं का?

तुमची भाची

*

२ डिसेंबर

चि. भाचीबाई,

रडणं थांबव आणि हे नीट वाच.

दर वर्षी डिसेंबरात प्राचार्य माझ्याकडे येतो. मी निवृत्त झाल्यापासून येतो. मी त्याला इतक्या वेळा पकडलं की त्याला आता माझी सवय झालीय. मामी म्हणते, तुम्ही जिवंत आहात का ते बघायला येतो. चहा पितो, तब्येत विचारतो, जाताना मी खिसे तपासतो, तो हसतो. परवा आला तो हसला नाही. चहाही घेतला नाही. म्हणाला, "साहेब, तक्रार द्यायची आहे."

मी म्हटलं, "तू? माझ्याकडे?"

"तुमच्या भाचीविरुद्ध. तिनं माझा धंदा बसवला. वर्षभरात एक नवं पोरगं माझ्या जिन्यावर टिकलं नाही. खाऊ घालतो, खातात. आणि म्हणतात, आजोबा, आमचा नंबर जाईल, आणि पळतात. ती चिमटी, साहेब, असे हात मी आयुष्यात दोनदा पाहिले. ती बादल्या भरतेय. जुनी पोरं मोठी झाली, पांगली. चार वाजता मी एकटा बसतो. तुम्ही तिचे मामा आहात, सांगा तिला. निदान रविवारी तरी गेट बंद ठेव म्हणावं."

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण मी हजार वेळा वापरली असेल. प्रत्यक्ष बोंब परवा ऐकली. आधी मी पोट धरून हसलो. तो गेल्यावर मात्र तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचत बसलो. मामीने दोनदा जेवायला हाक मारली, मला ऐकू आली नाही.

तुझ्या अध्यक्षाला न झालेल्या चोरीची तक्रार हवी आहे ना? ती आली आहे, माझ्याकडे, तोंडी. दहा तारखेला सकाळच्या बसने येतोय. मामी कोटाला इस्त्री करतेय.

मामा

*

११ डिसेंबर

प्रिय मामी,

हे पत्र तुम्हाला, मामांना नाही. ते काल संध्याकाळच्याच बसने परत निघाले आणि घरी येऊन "झालं काम" एवढंच म्हणाले असतील. म्हणून काय झालं ते मी सांगते.

ते कोट घालून आले. कोट आता पोटावर बंद होत नाही, पण खांदे अजून फौजदाराचे. चिमटी स्वतःहून आली होती, आणखी पाच-सहा जणी घेऊन. सगळ्यांची डोकी चकचकीत. अध्यक्षांनी मामांना विचारलं, तुम्ही कोण? मामा म्हणाले, "साहेब, तीस वर्षं या वस्तीत मी चोर पकडत होतो. या केंद्राचा काही उपयोग नाही असं म्हणणारा पहिला माणूस मी. माझ्या भाचीकडे ते लेखी आहे."

मी ती पत्रं असलेली पर्स खुर्चीखाली सरकवली. मग मामांनी तक्रार सांगितली. नाव घेतलं नाही, जिना सांगितला नाही. खिसे मारायला शिकवणारा एक माणूस माझ्या घरी आला आणि पोरं मिळत नाहीत म्हणून कुरकुरला, एवढंच, पण त्याच्याच शब्दांत. रविवारी तरी गेट बंद ठेवा, इथे आल्यावर सगळी खोली हसली. पण मागच्या बैठकीतलं हसणं नव्हतं ते.

एका सभासदाने विचारलं, मग तुम्ही त्याला पकडून का दिलं नाही? मामा म्हणाले, "कशाबद्दल? पोरं न मिळणं हा गुन्हा नाही. आणि आता पकडायची गरज उरली नाही, हेच तर सांगायला आलोय."

अध्यक्षांनी चिमटीला विचारलं, "तू केंद्रात नसतीस तर चार वाजता कुठे असतीस?"

ती म्हणाली, "जिन्यावर."

"तिथे काय केलं असतंस?"

"आता काहीच नाही. आता तिथे कोणी नसतं."

अध्यक्षांनी शेजारच्या कारकुनाकडे वही सरकवली. मग म्हणाले, तक्रार नोंदवून घ्या. आणि मामी, त्यांनी खरंच नोंदवली. केंद्र चालू. एक वर्ष नाही, कायम. रेल्वेपलीकडच्या शाळेतही असंच गेट उघडायचं, तिथला बंब आधीच तपासून घ्यायचा, असंही ठरलं. फाइली जिथे होत्या तिथेच राहणार. पीटीच्या सरांनी सभागृहातच शिट्टी वाजवली. त्यांना बाहेर काढलं, तरी बाहेरून वाजवत होते.

मी मामांच्या पाया पडायला वाकले तर ते म्हणाले, "उठ, बस चुकेल." पण डोळे पुसत होते. कोटाच्या बाहीला डाग दिसला तर तो त्याचाच.

तुमची भाची

*

९ जानेवारी

ती. मामा,

तुम्हाला एक सांगायचं आहे, आणि ते फोनवर सांगितलं असतं तरी तुमचा विश्वास बसला नसता.

काल चार वाजता गेटात प्राचार्य उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्री. पण जुळलेली बोटं सुटलेली होती, कारण त्या हाताला सात-आठ वर्षांची एक मुलगी धरून होती. म्हणाला, "नात आहे. लेक कारखान्यात लागली, आठला येते. हिला घेता का?"

मामा, माझ्या तोंडात किती शब्द आले होते. वर्षभराचा राग होता. मी एवढंच म्हणाले, "तुमचा जिना आहे ना?"

त्याने खाली पाहिलं. नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "जिन्यावर माझ्या नातीला नाही बसवणार मी."

मी गेटातून बाजूला झाले. चिमटी आतून सगळं बघत होती. ती बाहेर आली, आजोबांकडे एकदा पाहिलं, पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला विचारलं, "टॉवेल आणलास का?" नव्हता आणला. चिमटीने स्वतःचा दिला. पोरगी आत गेली, तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तो गेटाबाहेर तसाच उभा होता.

एक अडचण आहे. पीटीच्या सरांचा गुडघा बिघडलाय, महिनाभर येणार नाहीत. आणि गेट तर उघडं राहायलाच हवं.

तुमची भाची

*

१५ जानेवारी

चि. भाचीबाई,

पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. नातीपाशी चष्मा पुसायला थांबलो, म्हणून पुढचं तिने वाचलं.

त्याला मी किती वेळा पकडलं याची गणती नाही. थांबवता एकदाही आलं नाही. त्याच्या जिन्यावरून मी उचललेली पोरं आता चाळिशीची झाली असतील, त्यांतली बरीचशी अजून आत-बाहेर करतात. तू त्याला हात लावला नाहीस, आवाज चढवला नाहीस, आणि तो स्वतःच्या पायाने तुझ्या दारात आला, तेही घरातलं सर्वांत लाडकं माणूस घेऊन. याच्यापुढे माझी सगळी पदकं मामीला भंगारात देऊ दे.

सरकार गुन्हा थांबवू शकत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. चूक लिहिलं होतं. थांबवू शकतं. रोज चार वाजता गेट उघडायला कोणीतरी हवं, एवढंच.

सरांना गुडघा नीट बरा करायला सांग, घाई नको. सोमवारी मी येतोय, महिनाभर राहीन. शिट्टी त्यांच्याकडून मागून ठेव. आणि प्राचार्याला निरोप दे, की नातीला न्यायला आठच्या ठोक्याला हजर राहायचं. उशीर चालणार नाही. गेटावर मी उभा असेन.

मामा